मीठ बदललं म्हणजे धातू बदलला

"डॉक्टर, आम्ही आता लो-सोडियम मीठच वापरतो," असं कोणी कौतुकाने सांगितलं की मी आधी विचारतो, किडनीची तपासणी शेवटची कधी केली होती? समोरच्याला वाटतं, मिठाचं विचारलं आणि हे कुठे गेले!

थोडं शाळेतलं रसायनशास्त्र आठवा. सोडियम हा चाकूने कापता येईल इतका मऊ धातू. तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात, कारण पाण्याशी त्याचं अजिबात पटत नाही, भडकतो. क्लोरीन हा विषारी वायू, १९१५ साली महायुद्धात सैनिकांवर सोडलेला. सोडियमजवळ बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो, क्लोरीनला एक कमी पडतो. सोडियम तो देऊन टाकतो. देणारा धनभारित होतो, घेणारा ऋणभारित, आणि दोघे एकमेकांना घट्ट धरतात. हेच आपल्या बरणीतलं मीठ. पण पाण्यात ही पकड सुटते. वरणात मीठ विरघळलं की सोडियम आणि क्लोराइडचे आयन सुटे होतात, आणि पोटात जातात ते तसेच.

पोटॅशियमही असाच एक इलेक्ट्रॉन देणारा धातू. क्लोरीनबरोबर त्याचंही पांढरं मीठ होतं, खारट, जरासं कडवट. लो-सोडियम मिठात बहुधा नेहमीच्या मिठाचा काही भाग कमी करून हे मिसळलेलं असतं. किडनी उत्तम असेल तर बीपीसाठी ते चांगलंच. जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे जातं. किडनी कमजोर असेल, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन अशा गोळ्या चालू असतील, तर मात्र ते रक्तात साठू शकतं. जिभेला दोन्ही मिठं जवळपास सारखी, हृदयाला नाही.

माझ्याकडे येणाऱ्या एका काकांचं पोटॅशियम ६.४ निघालं. ते साधारण ३.५ ते ५ असावं लागतं. फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि आधी काही त्रास जाणवेलच असं नाही. काकांनाही जाणवला नव्हता. गोळ्या त्याच, जेवण तेच. काकू म्हणाल्या, "उलट मीठ तर आम्ही महागातलं आणलंय." त्यांना लगेच ॲडमिट करावं लागलं. सुदैवाने निभावलं.

आणि सैंधव? तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. उपवासाचं म्हणून बीपीवाल्यांनी सढळ हाताने घालू नये.

घरात लो-सोडियमचं पाकीट असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. 'पोटॅशियम क्लोराइड' दिसलं आणि वरच्यापैकी काही तुम्हाला लागू असेल, तर गोळ्या मनाने बंद करू नका. पाकीट बाजूला ठेवा आणि पुढच्या भेटीची वाट न बघता डॉक्टरांना विचारा.