ताईची किरकोळ रजा

परवा शनिवारी ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. तालुक्याच्या गावी एका अनुदानित हायस्कुलात नववी-दहावीला विज्ञान शिकवते. मी क्लाउडची एक सर्टिफिकेशन परीक्षा पास झालो, ते तिला सांगत होतो. फी कंपनीने भरली, शिवाय अभ्यासाला दोन दिवस दिले.

"दिले म्हणजे? रजा नाही टाकावी लागली?" ताईने विचारलं. फीचं तिला काहीच वाटलं नाही, अडकली ती त्या दोन दिवसांवर.

मग कारण कळलं. डिसेंबरात ती पुण्याला तीन दिवसांच्या कार्यशाळेला गेली होती. स्वस्त साहित्यातून भिंगांचे प्रयोग कसे करायचे, असा विषय. फी स्वतःची, एसटीचं भाडं स्वतःचं आणि तीन किरकोळ रजा, त्याही स्वतःच्याच. मुख्याध्यापक भला माणूस. ते एवढंच म्हणाले, "जा मॅडम, पण दहावीचे तास कोण घेणार?" कोणीच घेतले नाहीत. बाईंनी परत आल्यावर शनिवारी जादा तास घेऊन भरून काढले!

आपल्याकडे शिक्षक-प्रशिक्षणाला पैसाच नाही, असं मी समजत होतो. तसं नाहीये. माध्यमिक शिक्षणासाठी २००९ मध्ये केंद्राची वेगळी योजना आली. २०१८ मध्ये ती समग्र शिक्षा योजनेत विलीन झाली. तिच्यात महाराष्ट्रासाठी केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के. २०२१ पासून माध्यमिक शिक्षकांसाठी 'निष्ठा'चे ऑनलाइन वर्ग 'दीक्षा'वर आले. ताईने ते केले. जेवणं उरकल्यावर, रात्री, मोबाइलवर. काही भाग चांगले आहेत, असं तीच सांगते.

दुसरीकडे उलटाही प्रकार आहे. १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनी निवडश्रेणी मिळवायची, तर प्रशिक्षण सक्तीचं. अलीकडे त्याच्या नोंदणीचे २,००० रुपये शिक्षकांनीच भरले. पगार वाढणार आहे ना, मग भरा की!

पण तर सांगायचा मुद्दा फीचा नाहीच. नव्या शैक्षणिक धोरणात (२०२०) प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण घ्यावं, असं म्हटलंय. सवय वाईट, मी लगेच गणित मांडलं. दिवसाला साडेपाच तास धरले तर साधारण ९ दिवस. २० शिक्षकांच्या शाळेत १८० दिवस. म्हणजे जवळजवळ एका शिक्षकाचं अख्खं वर्ष! हे दिवस शाळेच्या वेळात हवे असतील, तर त्या शाळेला एक जादा माणूस लागेल. नसतील, तर ते शिक्षकाच्या रात्रीतून, सुट्टीतून आणि किरकोळ रजेतून जाणार. तिसरा मार्ग मुलांच्या बुडालेल्या तासांचा.

हे काही मला आज सुचलेलं नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) दर पाच वर्षांच्या सेवेत दोन-तीन महिने प्रशिक्षण सुचवलं होतं. साठ वर्षं होत आली. आम्हा आयटीवाल्यांना दोन प्रोजेक्टच्या मध्ये बेंचवर बसवून पगार देतात आणि शिकायलाही लावतात. ताईच्या शाळेत मात्र, प्रशिक्षणाला गेलेल्या शिक्षकाच्या जागी कोणी आलेलं तिने आजवर पाहिलेलं नाही. प्रशिक्षक, हॉल, चहा, पुस्तिका, हे सगळं खर्चात दिसतं. रिकामा वर्ग कुठल्याच रकान्यात नसतो.

मी जरा भाव खात म्हणालो, "ताई, पुढच्या वेळची फी मी भरतो."

"पैसे नकोत रे," ती म्हणाली. "तीन दिवस माझे तास घ्यायला येशील?"

मी गप्पच बसलो. मग विचारलं, कुठला धडा? भिंगं, म्हणाली. २०१८ मध्ये बदललेलं दहावीचं पुस्तक तिने कुरिअर केलंय.

असो. सोमवारी मॅनेजरकडे रजा मागणार आहे. कारण काय लिहावं, ते तेवढं सुचवा!