शमुवेल : एका नांवाचा विचार

शिक्षकाचा दिवस नांवांनीं सुरू होतो. हजेरीचें पुस्तक उघडावें, एकेक नांव उच्चारावें आणि "हजर" असा आवाज कानीं पडतांच पुढच्या नांवाकडे वळावें, हा क्रम मी वीस वर्षांहून अधिक काळ पाळीत आलों आहें. परंतु जें नित्य तोंडीं येतें त्याचा अर्थ आपण क्वचितच पाहतों. मलाहि तो एका विद्यार्थ्यानें पाहावयास लावला, आणि तोहि तिसऱ्या खेपेस.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या बोर्डिंगांत शमुवेल नांवाचा एक मुलगा होता. अबोल, अभ्यासांत मध्यम, परंतु सांगितलेल्या कामास चोख. एके दिवशीं शाळा सुटल्यावर तो माझ्या टेबलाशीं येऊन म्हणाला, "गुरुजी, पटावरचें माझें नांव बदलतां येईल काय?" मी वह्या तपाशीत होतों. वर न पाहतांच मीं सांगितलें, "परीक्षा झाल्यावर पाहूं." आठ दिवसांनीं तो पुन्हां आला, मीं त्याला पुन्हां परत पाठविलें, आणि या वेळीं थोडें रागावूनच. तिसऱ्या वेळीं तो कांहींच बोलला नाहीं. ओसरीच्या खांबाशीं नुसता उभा राहिला. तेव्हां मात्र मीं लेखणी खालीं ठेवली.

हकीकत अशी होती. बाजारांत कांहीं मुलांनीं "साहेबाचें नांव लावणारा" म्हणून त्याला चिडविलें होतें. "तुझ्या नांवाचा अर्थ तरी सांग," असें त्यांनीं म्हणतांच हा निरुत्तर झाला. "अर्थ माहीत असता, तर मीं उत्तर दिलें असतें, गुरुजी," तो म्हणाला.

मीं तत्काळ सांगितलें, "शमुवेल म्हणजे 'देवानें ऐकलें'." लहानपणीं रविवारच्या शाळेंत मी हेंच शिकलों होतों, आणि पुढें अनेक वर्षें हेंच शिकवीत आलों होतों. मुलगा गेला, परंतु माझें समाधान होईना. मिशनच्या वर्गांत हिब्रूची जी थोडी ओळख झाली होती तिच्या आधारानें रात्रीं दिव्याजवळ जुना कोश घेऊन बसलों, आणि आपण चुकलों हें थोड्याच वेळांत दिसून आलें.

हिब्रूंत या नांवाचीं अक्षरें पांच : शीन, मेम, वाव, आलेफ आणि लामेद. 'ऐकणें' या अर्थाच्या धातूंत शीन, मेम आणि ऐन अशीं तीन व्यंजनें आहेत. त्यांतील ऐन शमुवेल या नांवांत नाहीं. तें अक्षर इश्माएल या नांवांत आहे, आणि 'देव ऐकतो' हा अर्थ तेथें सरळ लागतो. 'शेम' म्हणजे नांव व 'एल' म्हणजे देव. यावरून 'देवाचें नांव' किंवा 'ज्याचें नांव एल आहे तो' असा अर्थ पुष्कळ पंडित करतात.

आणखी नवल असें कीं, नांव ठेवणाऱ्या आईनें दिलेलें कारण याहून निराळें आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायांत हन्ना म्हणते कीं, मीं हा मुलगा परमेश्वरापाशीं मागितला, म्हणून याचें हें नांव. आतां 'मागणें' याला हिब्रू धातु 'शाअल'. त्यापासून थेट निघणारें नांव 'शौल', म्हणजे 'मागितलेला'. आणि तें नांव पुढें ज्या राजाचें झालें त्याला अभिषेक करणारा शमुवेलच होता. ही जन्मकथा मुळांत शौलाची असावी, असा तर्कहि कांहीं अभ्यासकांनीं केला आहे. त्या वादांत शिरण्याचा माझा अधिकार नाहीं. मला एवढेंच वाटतें कीं, वांझपणाचा टोमणा सोसून, शिलो येथील मंदिरांत ओठ हालवीत रडलेल्या त्या बाईनें मूल मांडीवर घेतल्यावर व्याकरण पाहिलें नसावें. नांवाच्या ध्वनींत तिला आपली मागणी ऐकूं आली, हें तिला पुरेसें होतें.

आणि हें आपल्याला परकें कसें वाटावें? आपल्या खेड्यांत भिकाजी, भिकू, नवसू हीं नांवें कोणीं ऐकलीं नाहींत? आधींचीं मुलें दगावलीं म्हणजे पुढच्या मुलाचें नांव धोंडू किंवा दगडू ठेवीत. भिकाजी म्हणजे देवापाशीं पदर पसरून मिळविलेला. हन्नेचा शमुवेल आणि कोंकणांतील आईचा भिकाजी यांची भाषा वेगळी, परंतु पदर एकच.

शिवाय हें नांव आपल्या किनाऱ्यावर आलें तें साहेबाच्या जहाजांतून नव्हे. कोंकणांतील बेने इस्राएल लोकांनीं आपलीं जुनीं हिब्रू नांवें मराठी वळणावर नेलीं होतीं : अब्राहामाचा अबाजी, शमुवेलाचा समाजी. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेंतील समाजी हसाजी दिवेकर हे त्यांपैकींच. टिपू सुलतानाच्या कैदेंतून सुटका झाल्यावर त्यांनीं 1796 सालीं मुंबईंत पहिलें सिनेगॉग बांधलें. तेथील सॅम्युअल स्ट्रीटला त्यांचेंच नांव मिळालें, असें सांगतात. घरीं समाजी, प्रार्थनामंदिरांत शमुवेल. दोन्ही नांवांनीं हांक मारली तरी ओ देणारा माणूस एकच.

जगांतहि हें नांव फार हिंडलें आहे. दहाव्या शतकाच्या अखेरीस बल्गेरियांत सामुइल नांवाचा राजा झाला. अकराव्या शतकांत ग्रॅनडाच्या मुसलमान राजाचा वजीर शमुवेल हा यहुदी विद्वान व कवि होता. इंग्लंडांत धर्मसुधारणेनंतर प्युरिटन लोकांनीं संतांचीं नांवें टाकून जुन्या करारांतील नांवें उचललीं, आणि तेथून तें अमेरिकेस गेलें. कोशकार जॉन्सन, कवि कोलरिज, तारायंत्राचे मोर्स, होमिओपाथीचे हानेमान हे सर्व सॅम्युअलच. अमेरिकेचें 'अंकल सॅम' हें टोपणनांव 1812 च्या युद्धांत सैन्याला मांस पुरविणाऱ्या सॅम्युअल विल्सन या व्यापाऱ्यावरून पडलें, असें मानतात. 2003 सालीं इंग्लंडांत ठेविलेल्या मुलांच्या नांवांत हें पहिल्या दहांत होतें.

परंतु या मालिकेंत मला सर्वांत जवळचे वाटतात ते अजायि क्राउथर. आफ्रिकेंतील योरुबा जातीचा हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, 1822 सालीं मुक्त झाला, आणि 1825 सालीं बाप्तिस्म्याच्या वेळीं त्यानें सॅम्युअल हें नांव घेतलें. 1864 सालीं ते बिशप झाले. तथापि त्यांनीं अजायि हें नांव टाकलें नाहीं. दोन्ही नांवें लावलीं, आणि पवित्र शास्त्र आपल्या मातृभाषेंत आणण्यासाठीं झटले. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनीं 1895 सालीं ख्रिस्ती झाल्यावरहि आपलें नांव तसेंच ठेविलें. कोणीं नवें घेतलें, कोणीं जुनें राखलें. दोघांच्याहि निष्ठेंत उणें पडलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मीं त्या मुलाला बोलावून सांगितलें, "बाळ, काल मीं तुला चुकीचें सांगितलें." शिक्षकाला हें वाक्य फार जड जातें. मग मीं त्याला वरील सर्व हकीकत समजाविली. तो बराच वेळ गप्प होता. शेवटीं त्यानें विचारलें, "मग माझ्या आईनेंहि मला मागितलें होतें काय?"

याचें उत्तर कोणत्याहि कोशांत नव्हतें. "तें तिलाच विचार," मी म्हणालों.

त्याची आई दर जून महिन्यांत त्याला पोंचवावयास येई, आणि येतांना हातानें शिवलेला एक सदरा आणी. वाढत्या अंगाच्या हिशोबानें चार बोटें सैल. त्या जूनमध्येंहि ती आली. मुलानें माझ्यासमोरच विचारलें. तिनें आधीं माझ्याकडे पाहिलें, मग जमिनीकडे पाहत सांगितलें कीं, याच्या आधींचीं दोन अर्भकें गेलीं, आणि तिसऱ्या वेळीं देवळांत हन्नेची गोष्ट ऐकून तिनें हें नांव मनांत धरलें. अर्थ तिला माहीत नव्हता. गेलेल्या मुलांविषयीं त्याच्याजवळ ती कधींच बोलली नव्हती.

मुलानें कांहीं उत्तर दिलें नाहीं. त्यानें तो सैल सदरा तेथेंच अंगांत घातला. पटावरचें नांव बदलण्याची गोष्ट त्यानें पुन्हां काढली नाहीं.

शमुवेलाच्या कथेंत मी पूर्वीं मुलाकडे पाहत असें. आतां वृद्ध एलीकडे पाहतों. हांक मुलाला येत होती, आणि एलीनें त्याला दोनदां "जा, नीज" म्हणून परत पाठविलें. तिसऱ्या वेळीं तरी त्यानें ओळखलें, एवढाच त्याचा मोठेपणा. मलाहि तिसरी वेळ मिळाली, ही देवाची कृपा. प्रत्येक मूल तिसऱ्यांदा येतेंच असें नाहीं. म्हणून अलीकडे हजेरी घेतांना "हजर" ऐकूं आलें कीं मी क्षणभर मान वर करून पाहतों.