गुरुजींच्या नावाची ओळ

आमच्या सोनईहून शिंगणापूर पाच-सहा किलोमीटर. तिथल्या जुन्या घरांना दारं नाहीत, नुसत्या चौकटी. शनिदेवाचा पहारा असताना कडी-कोयंडा कशाला, ही त्या गावाची श्रद्धा. लहानपणी आम्ही पाहुण्यांना ते कौतुकाने दाखवायला नेत असू. आमच्या घराला मात्र दार होतं. 1992 च्या हिवाळ्यात एका रात्री आईने ते नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या तोंडावर लोटलं. कडी मी घातली. मी सातवीत होतो.

नाना साखर कारखान्यात फिटर होते. हातात कसब होतं. गळीत हंगामात रात्रपाळी करून आले की शीण जावा म्हणून घोटभर घ्यायचे. पुढे हात थरथरतो म्हणून घेऊ लागले. मग कामावर जाणंच सुटलं. आईची पितळी घागर गेली, माझी सायकल गेली. त्या रात्रीनंतर ते घरी आले नाहीत. नगरच्या माळीवाडा स्टँडवर पोत्यावर झोपलेले दिसले, असं चार महिन्यांनी कोणीतरी सांगितलं. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

ख्रिस्ती वस्तीतले गुरुजी दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने नगरला गेले. निवृत्त शिक्षक, रविवारी उपासनेला पेटी वाजवायचे. आमचं त्यांच्याशी नातंगोतं काही नव्हतं. त्यांनी नानांना स्टँडच्या नळावर अंघोळ घातली, स्वतःचा सदरा चढवला आणि आपल्या पडवीत आणून निजवलं. दारू एकदम तुटली तसे नाना रात्री किंचाळू लागले, भिंतीवर नसलेले किडे झाडू लागले. गुरुजींनी डॉक्टर आणला. "हा आजार आहे, बाई. नुसत्या प्रार्थनेवर सोडून चालणार नाही," असं आईला म्हणाले. प्रार्थनाही रोज करायचे, नानांच्या उशाशी बसून.

मग ते नानांना घेऊन मुंबईला गेले. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर जो परेरा यांनी 1981 मध्ये 'कृपा फाउंडेशन' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं होतं. पुण्याचं 'मुक्तांगण' मराठी माणसाला ठाऊक आहे. ते 1986 चं, 'कृपा' त्याआधी पाच वर्षांचं. फादर हे कॅथलिक धर्मगुरू आणि बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांना त्यांनी योगासनांची जोड दिली. त्या पायऱ्या अमेरिकेतल्या. 1935 मध्ये एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही दारूने पोखरलेले, एकमेकांच्या आधाराने सावरले. तिथून ही चळवळ निघाली. 2009 मध्ये फादरना पद्मश्री मिळाली, तेव्हा नानांनी वर्तमानपत्रातला फोटो कापून ठेवला.

नाना परतले आणि सातव्या महिन्यात पुन्हा प्यायले. आईने पुन्हा दार लोटलं. गुरुजींनी पडवीत पुन्हा अंथरूण टाकलं आणि पुन्हा मुंबईचं तिकीट काढलं. पहिल्या वेळी दया करणारे पुष्कळ असतात. घसरलेल्या माणसाला दुसऱ्यांदा तितक्याच मायेने उठवणारा माणूस मी आयुष्यात तेवढाच एक पाहिला.

आईला हे उपकार पेलेनात. "आम्ही तुमच्यातले नाही, गुरुजी. हे कसं फेडायचं?" तेव्हा त्यांनी आपल्या आजोबांची हकीकत सांगितली. 1899-1900 चा, विक्रम संवत छप्पन्नचा दुष्काळ. आईबाप गमावलेलं सात वर्षांचं पोर वडाळा मिशनच्या वाटेवर पडलं होतं. अमेरिकन मराठी मिशन नगरात 1831 पासून होतं आणि त्या दुष्काळात त्यांनी अशी कित्येक अनाथ मुलं सांभाळली. "माझ्या आजोबांना उचलणारा कोण होता, ते आम्हाला ठाऊकसुद्धा नाही," गुरुजी म्हणाले. "मग फेडायचं कोणाला? पुढच्याला."

बारा पायऱ्यांतली आठवी पायरी अशी, की आपण ज्यांना दुखावलं त्यांची यादी करायची. नववीत, शक्य असेल तिथे त्याची भरपाई करायची. मुंबईहून दुसऱ्यांदा परतल्यावर नानांनी दोनशे पानी वहीत यादी केली. आईची घागर, माझी सायकल, किराणावाल्याचे तीनशे चाळीस रुपये. फेड झाली की ओळ खोडायची. गुरुजींच्या नावापुढे दोन खेपांचं मुंबईचं एसटी भाडं आणि डॉक्टरची फी होती. पैसे घेऊन गेल्यावर गुरुजींनी ते मोजलेसुद्धा नाहीत. "स्टँडवर अजून माणसं झोपतात," एवढंच म्हणाले.

नानांनी मग गळ्यात माळ घातली, ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या नेवाशाच्या पैस खांबाशी डोकं टेकून. माळकरी माणूस दर शनिवारी नगरला जाई आणि पिऊन पडलेल्याच्या शेजारी जाऊन बसे. काही त्याच्यासोबत आले, बरेच आले नाहीत. आलेले आमच्याच पडवीत निजत. गुरुजींनी नानांना कधी धर्म बदलायला सांगितलं नाही. नानांनीही नाताळच्या उपासनेला मागच्या बाकावर बसणं कधी चुकवलं नाही.

दोघेही आता नाहीत. वही माझ्याकडे आहे. तिच्यातल्या साऱ्या ओळी खोडलेल्या आहेत, गुरुजींच्या नावाची सोडून. त्या ओळीखाली नानांच्या अक्षरात अकरा नावं आहेत. बारावं मी लिहिलं.