भीमगीतांच्या ठेक्यावर

गेल्या वर्षी माझी साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, "बाई, रोज अर्धा तास भरभर चाला." साखरेपायी माझ्या आईचा पाय कापावा लागला होता. म्हणून निश्चय केला. पण चारच दिवसांत कंटाळले. दिवसभर चार घरची धुणीभांडी करून थकलेले पाय आणखी कशाला झिजवायचे, असे वाटे.

एके पहाटे सहज वामनदादा कर्डकांचे गाणे गुणगुणत निघाले. ढोलकीचा ठेका आठवला आणि पावले त्यावर पडू लागली. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेले वामनदादा मोठेपणी अक्षरे शिकले आणि गावोगाव बाबासाहेबांचा विचार गात फिरले. २००४ साली ते गेले. गाणी आपल्या ओठांवर राहिली.

डॉक्टरांनी खूण सांगितली आहे : बोलता यावे, पण गाता येऊ नये, अशी चाल हवी. म्हणून गाणे तुटले की समजते, चाल बरोबर आहे. मग ठेका मनात चालू ठेवते.

तीन महिन्यांनी साखर उतरली. गोळी चालूच आहे, चालणेही. भगिनींनो, घरासाठी राबता, तसा अर्धा तास स्वतःलाही द्या. जयभीम!