दाडी आणि दाढी

आमचे सारे आयुष्य दुसऱ्यांच्या लेखनाचा अर्थ लावण्यात गेले. शेक्सपिअरच्या एकेका ओळीवर आम्ही तासभर बोलू शकतो, असा आमचा लौकिक आहे. तो विद्यार्थ्यांना कितपत सुखावह वाटतो, हा प्रश्न निराळा. तेव्हा आमच्या चार वर्षांच्या नातवाच्या वाणीसंबंधीचा चार पानी अहवाल चिरंजीवांनी आमच्या हाती ठेवला, त्या वेळी तो आपल्याला समजणार नाही अशी शंकाही आम्हांस शिवली नाही.

पहिल्याच पानावर कोष्टक होते. भाषेचे आकलन : शततमक ४५. भाषेची अभिव्यक्ती : शततमक ६. तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासलेल्या डोळ्यांना त्यात एवढेच दिसले, की पोराला १०० पैकी ६ गुण पडले! त्याखाली अभिव्यक्तीचे समतुल्य वय दोन वर्षे आठ महिने, असे लिहिले होते. सूनबाईंनी ते आमच्या आधी वाचले होते आणि रडूनही घेतले होते. "बाबा, म्हणजे तो सव्वा वर्षाहून जास्त मागे आहे ना?" त्यांनी विचारले. आम्ही अहवाल मिटला आणि "बघू" म्हणालो. ज्याला काही कळलेले नसते, त्याचा हा फार जुना आश्रय आहे.

दुसऱ्या दिवशी वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे आम्हीही गेलो. त्या वयाने आमच्या विद्यार्थिनी शोभतील अशा होत्या. पण त्या दिवशी बाकावर आम्ही होतो. शततमक म्हणजे गुण नव्हेत, त्या म्हणाल्या. त्याच्या वयाची शंभर मुले ओळीने उभी केली, तर बोलण्यात तो खालून सहाव्याच्या आसपास, इतकाच त्याचा अर्थ. आणि समजण्यात तो जवळजवळ ओळीच्या मध्यावर. हा ४५ चा आकडा त्याच कोष्टकात होता, परंतु घरात त्याचा उच्चारही कोणी केला नव्हता! समतुल्य वयाचेही तसेच. बत्तीस महिन्यांच्या मुलांना साधारणपणे जितके गुण पडतात तितके याला पडले, एवढेच ते सांगते. त्याची बुद्धी बत्तीस महिन्यांची आहे, असे नव्हे. शिवाय चाचणीचे प्रमाण परदेशातील इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवरून ठरलेले असल्याने मराठी मुलाचे आकडे सबुरीने वाचावेत, अशी तळटीप होती. विद्यार्थ्यांनी तळटीप गाळली तर आम्ही केवढे कडाडतो!

पडद्यामागे सर्दीचे पाणी साठून कान मंद झाले असतील, म्हणून श्रवणाची परीक्षा आधी सांगितली होती. ती झाली, कान निर्दोष निघाले. दोन भाषा कानांवर पडल्याने मूल मागे पडते, हा आमच्या शेजाऱ्यांचा सिद्धांतही बाईंनी एका वाक्यात निकालात काढला.

तिसऱ्या पानावर मात्र आम्ही रमलो. 'क' च्या जागी 'त', 'ग' च्या जागी 'द', असे त्यात मांडले होते. आपली वर्णमाला म्हणजे मुखाचा नकाशाच आहे : कवर्ग कंठापाशी, मग तालू, मूर्धा, दात आणि शेवटी ओठ. लहानपणी आम्ही ती घोकली, पण तिच्या क्रमाला अर्थ असतो हे या पानाने प्रथम मनावर ठसविले. आमचा नातू कंठातला वर्ण पुढे दातांपाशी आणतो, म्हणून काका 'ताता' होतो. लहान मुले असे करतातच. परंतु बहुधा साडेतीन वर्षांच्या सुमारास ते सुटते, याचे सुटले नाही, म्हणून उपचार. तो 'र' चा 'ल' करतो, त्याची बाईंना चिंता नव्हती. 'र' पुष्कळांच्या जिभेवर उशिराच बसतो.

चौथे पान आम्ही घरी वाचलेच नव्हते. त्यावर एक ओळ होती : 'शब्द पुन्हा म्हणावयास लावल्यास मूल गप्प होते, घरातील वडीलधाऱ्यांकडून असे वारंवार घडते, असे आईने सांगितले.'

घरात वडीलधारे आम्हीच. आम्ही दाढी राखतो. नातू आमच्यापाशी येऊन "आजोबा, दाडी" म्हणे, तेव्हा आम्ही हनुवटी पुढे करीत असू, मंडळी हसत. तो पाय आपटून पुन्हा "दाडी" म्हणे. "दाडी नव्हे, गाडी! म्हण पाहू, ग, ग, गाडी," असा आमचा तास सुरू होई, आणि पोर दाराआड जाऊन बसे. त्याला हट्टी हे विशेषण आम्हीच बहाल केले होते. सूनबाई तेव्हा काही बोलल्या नव्हत्या. बाईंना मात्र त्यांनी सांगितले होते. ते योग्यच झाले, पण परतताना रिक्षात आम्हांला त्यांच्याकडे पाहवेना.

उपाय साधा लिहिला होता. चूक दाखवू नये. बरोबर शब्द आपणच सहज बोलून संभाषण पुढे न्यावे, आणि थांबावे. वर्गात एवढे थांबणे आम्हांला कधी जमलेले नाही.

त्या संध्याकाळी तो आला. "आजोबा, दाडी." आमचा हात सवयीने हनुवटीकडे निघाला होता, तो आम्ही आवरला.

"गाडी हवी? गाडी कुठे बरे गेली?" असे म्हणून आम्ही गप्प राहिलो. बराच वेळ गेला. तो आमच्या तोंडाकडे पाहत होता. पुढचा प्रश्न येणार, याची वाट पाहत असावा. तो आला नाही, तेव्हा त्याने भिंतीकडे बोट दाखविले.

"तपाटाथाली," तो म्हणाला.

"कपाटाखाली होय?" आम्ही म्हणालो, आणि गुडघे टेकून कपाटाखाली हात घातला.