तहसीलमध्ये गरीब, व्हिसासाठी श्रीमंत

परदेशात शिकायला निघालेल्या आमच्या समाजातील विद्यार्थ्याला एकाच वर्षात दोन उलट गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. शिष्यवृत्तीसाठी तो गरीब आहे हे तहसीलच्या दाखल्याने, आणि तिकडे राहण्याच्या परवानगीसाठी तो पैसेवाला आहे हे बँकेच्या कागदाने. हा नुसता कागदांचा घोळ नाही. संधी दिली असे सांगून दारातच अडवणारा हा हिशेब आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फुलसावंगीत आम्ही विद्यार्थ्यांचे अर्ज भरून देतो. वस्तीतील एका मुलीला लंडनच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. आई-वडील दोघेही कापूस-सोयाबीनच्या शेतात मजुरीला जातात, घरची जमीन नाही. उत्पन्नाचा दाखला 72 हजारांचा. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीची मर्यादा 8 लाख, म्हणजे तिथे अडचण नव्हती. अडचण पुढे होती.

ब्रिटनच्या जानेवारी 2025 मध्ये लागू झालेल्या नियमानुसार त्या वर्षी लंडनमध्ये शिकणाऱ्याला राहण्या-खाण्यासाठी महिना 1,483 पौंड, असे 9 महिन्यांचे 13,347 पौंड दाखवावे लागत होते. अशी रक्कम स्वतःच्या किंवा आई-वडिलांच्या खात्यात सलग 28 दिवस असली पाहिजे. सरकार पूर्ण खर्च उचलत असल्याचे पत्र असेल तर ते चालते. पत्रात कमी रक्कम असेल तर उरलेली आपण दाखवायची. आपल्या योजनेत ब्रिटनसाठी वर्षाचा निर्वाहभत्ता आहे 9,900 पौंड. 2025 च्या त्या रकमेशी फरक होता 3,447 पौंडांचा, म्हणजे सुमारे 4 लाख रुपये. या घराची पाच वर्षांहून अधिक कमाई!

हिशेब ऐकून तिचे वडील म्हणाले, "भाऊ, पैसे दाखवाले आमच्यापाशी असते, तर हा गरिबीचा दाखला कायले काढला असता?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

कोणी म्हणेल, प्रत्येक देश आपल्या तिजोरीवर भार पडू नये म्हणून अट घालणारच. मान्य. पण ही अट मोजते काय? विद्यार्थ्याची बुद्धी नाही, मेहनत नाही. ती मोजते बापाचे खाते. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या जमीन आणि ठेवी आहेत, त्यांना 28 दिवस म्हणजे काहीच नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या संपत्ती बाळगू दिली नाही, त्यांनी ती 28 दिवसांत कुठून आणायची? बँकेत जावे तर साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जाला तारण मागतात.

1913 मध्ये बाबासाहेब कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. 1920 मध्ये पुन्हा लंडनला जाताना सिडनहॅम कॉलेजच्या पगारातील बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले 5 हजारांचे कर्ज त्यांना जमवावे लागले. शंभर वर्षांनंतर, संविधान असलेल्या देशात, आमच्या मुलीने भथेना शोधत फिरायचे काय?

2025 मध्ये केंद्राच्या याच योजनेत 106 जणांची निवड झाली, पण सुरुवातीला पत्रे मिळाली 40 जणांना. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यास देऊ असे सांगितले गेले. पत्र नाही तर व्हिसा नाही, आणि विद्यापीठ कोणासाठी थांबत नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. निर्वाहभत्ता त्या-त्या देशाच्या व्हिसाच्या रकमेशी जोडा आणि ती वाढली की भत्ताही वाढवा. पूर्ण खर्चाची हमी पत्रात स्पष्ट लिहा आणि पत्र वेळेत द्या. तरीही फरक उरला तर महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाने विनातारण हमी घ्यावी.

मुलीने प्रवेश एक वर्ष पुढे ढकलून घेतला आहे. सध्या ती पुसदला शिकवण्या घेते. वर्ष तिच्या हातात आहे, निर्णय सरकारच्या. वाचकांपैकी जे अशा अर्जांवर काम करतात त्यांनी विद्यार्थ्याचे पत्र हाती येताच आधी त्यातील रक्कम आणि व्हिसाची रक्कम शेजारी-शेजारी मांडून पाहावी, आणि फरक दिसला की त्याच दिवशी लेखी तक्रार करावी. गप्प बसलेल्यांचा फरक कोणी भरून देत नाही.

जय भीम!