जुन्या संगणकासाठी हुबळीची वारी

धारवाडच्या माणसाने काही विकत घ्यावयाचे ठरविले, की त्याचे पाय आपोआप हुबळीकडे वळतात. १९६२ साली दोन्ही शहरांची महानगरपालिका एक झाली. तरी विद्या धारवाडात आणि व्यापार हुबळीत ही जुनी वाटणी अद्याप टिकून आहे. गेल्या महिन्यात आम्हीही त्याच वाटेने निघालो. सोबत आमचा पुतण्या होता आणि खिशात सहा हजार रुपये.

निमित्त घरगुती होते. आमच्या कैलासवासी बंधूंनी २०१४ साली संगणक घेतला होता. घरचे हिशेब, पत्रे, सहलींची छायाचित्रे, सारे त्यातच. पुतण्या त्यावर क्रिकेटचा खेळ खेळे. पण चेंडू यष्टिरक्षकाच्या हाती गेल्यावर फलंदाजाची बॅट फिरे! ‘जुने धूड भंगारात घाल, हप्त्याने नवा घे,’ असा मित्रांचा सल्ला. वहिनी काही बोलल्या नाहीत. मात्र त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. तेव्हा आम्ही मधला मार्ग काढला : संगणक तोच ठेवावा, ग्राफिक्स कार्ड तेवढे बसवावे.

ज्युबिली सर्कलला ‘चिगरी’ बस मिळाली. चिगरी म्हणजे कन्नडमध्ये काळवीट. आपल्या राखीव मार्गावरून ही बस नावाला जागून धावते. नवनगर मागे पडले, उणकल तलावाचे पाणी चमकून गेले, आणि तेवढ्यात पुतण्याने आम्हांला विद्यार्थी केले. ‘‘काका, एकच शिक्षक वर्गही घेतो नि हजेरीपटही लिहितो, तसं आहे हे. चित्रं काढायला वेगळा माणूस दिला, की प्रोसेसर मोकळा!’’ दाखला आमच्याच शाळेतला, पटला.

कोप्पीकर रस्त्यावरील पहिल्या दुकानात दोन पंख्यांचे भले मोठे जुने कार्ड आमच्या रकमेत बसत होते. २०२२ साली इथेरियम या आभासी चलनाने कार्डांकरवी होणारे ‘खाणकाम’ बंद केले, तेव्हापासून अशी वापरलेली कार्डे बाजारात पुष्कळ आली. आम्ही पैसे काढणार, तोच पुतण्या म्हणाला, ‘‘आणखी एके ठिकाणी विचारू या.’’

दुसऱ्या दुकानातील वृद्ध गृहस्थांनी किंमत सांगण्याआधी प्रश्न केला, ‘‘सर, पॉवर सप्लायवर किती वॅट लिहिलंय?’’ पुतण्याच्या मोबाईलमध्ये छायाचित्र होते : २४०. मग त्यांनी समजावून दिले. मोठे कार्ड दीडशे वॅट मागते आणि त्याला विजेची वेगळी तार लागते. ती आपल्या संगणकात नाहीच. मदरबोर्डचा स्लॉट फार तर ७५ वॅट देतो. तेवढ्यावर निभावणारेच कार्ड घ्यावे. शिवाय आपली पेटी अरुंद, म्हणून कार्डही अर्ध्या उंचीचे हवे.

त्यांनी वापरलेले जीटीएक्स १०५० टीआय काढले : २०१६ सालचे, चार जीबी स्मृतीचे. आमच्यासमोर ते अर्धा तास चालवून पंखा आणि तापमान दाखविले. ‘‘नवे भारी खेळ यावर चालायचे नाहीत, नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हरही २०२५ च्या ऑक्टोबरनंतर थांबलेत,’’ हेही स्वतःहून सांगितले. साडेचार हजारांत व्यवहार ठरला. वर सहाशे रुपयांची रॅमची एक जुनी पट्टी घेतली. उरलेल्या पैशांतून लाइन बाजारचा पेढा घेऊन विजयी मुद्रेने घरी आलो.

आणि फजिती झाली! आमच्या जुन्या पडद्याची केबल निळ्या तोंडाची, व्हीजीए. नव्या कार्डाला तसली जागाच नाही! वॅट मोजले, उंची मोजली. केबल पाहावयाची राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिगरी, पुन्हा तेच दुकान, आणि एक छोटासा कन्व्हर्टर.

संध्याकाळी पडदा उजळला. वहिनी दारात उभ्या होत्या. पुतण्याने क्रिकेट सुरू केले नाही. आधी वडिलांची छायाचित्रे उघडली. कार्ड बदलल्याने डिस्कला धक्का लागत नाही, हे आम्हांला तोंडपाठ झाले होते. तरी सगळी जागच्या जागी पाहून जीव भांड्यात पडला. ‘‘भाऊजी, पेढा घ्या,’’ वहिनी म्हणाल्या.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आम्ही तीस वर्षे मुलांना शिकविले. पण अंथरूण म्हणजे केवळ खिसा नव्हे. जुन्या वस्तूची ताकदही आधी पाहावी लागते, हे हुबळीच्या त्या दुकानदाराने आम्हांला शिकविले.

मग क्रिकेट झाले. बॅट वेळेवर फिरली. पुतण्याने आग्रहाने आम्हांलाही खेळावयास बसविले. आम्ही पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचित झालो; दोष कार्डाचा नव्हता.